कौलावर न गेलेली दाढ

"मग पुढच्या गावाचं शिबिर मी एकट्यानं घेऊ का, सर?"

हुद्दार सर उकळत्या पाण्यातून चिमटे काढत होते. उभा जन्म मुलांचे दात बघण्यात गेलेला हा दंतवैद्य प्रश्नाला सहसा प्रश्नानंच उत्तर देई.

सौमित्र त्यांच्या हाताखाली नवा. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. शाळेच्या ओसरीवरची पोरांची रांग त्यानं झपाट्यानं संपवली होती. तरी पाय एका जागी ठरत नव्हते.

"ती धनगराची हौसा. तिला काय सांगितलंस?"

"खालच्या सगळ्यात मागच्या दाढेला कीड लागलीय. पण दुधाची दाढ, पडेल आपोआप. जाऊ दिलं."

"दुधाची कशावरून?"

"आईच म्हणाली. पुढचे दोन पडले, ते शाळेच्या कौलावर टाकले. मागचं अजून काही पडलंच नाही. सहा वर्षांची पोर, सर. पडलं नाही म्हणजे दुधाचंच."

सरांनी चिमटा खाली ठेवला.

बाहेर मेंढरं रस्त्याला लागली होती. हौसाच्या घरचा हा कळप आता कोकणात उतरणार, तो पावसाच्या तोंडावरच परतणार. घुंगरांचा आवाज लांब लांब जात होता.

सरांनी पोरांच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस."

"मी?"

"आ कर."

सौमित्रला हसू आलं. ते आवरून तो बसला. सरांनी त्याच्या हातात आरसा दिला.

"तुझी सहाव्या वर्षी आलेली दाढ दाखव."

त्यानं बोट ठेवलं. बरोबर ठेवलं, पुस्तक पाठच होतं.

"ती यायच्या आधी तिथं कुठला दात होता?"

त्यानं तोंडातून बोट काढलं. "कुठलाच नाही. ती दुधाच्या दाढांच्या मागे नव्यानंच येते."

"मग ती आली तेव्हा कौलावर काय टाकलंस?"

"काहीच..."

बोट तसंच हवेत राहिलं.

"सर, हौसाची ती दाढ... कायमची आहे."

"आणि शेजारच्या?"

"त्या दुधाच्या. दोन्ही पोखरलेल्या." त्यानं आरसा खाली ठेवला. "म्हणजे हीसुद्धा पावसापर्यंत टिकायची नाही."

चपला न घालताच तो पळाला.

हौसा घोड्यावर, अंथरुणांच्या ढिगावर बसली होती. लगाम आईच्या हातात.

"पडायचीच हाय म्हनला न्हवं तुमी?" आई म्हणाली. "मेंढरं फुडं गेली की."

"मी चुकलो, ताई. ती पडायची नाही. आणि गेली तर दुसरी यायची नाही. जरा थांबा."

बाईनं लांब गेलेल्या कळपाकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं. मग घोडं वळवलं.

सौमित्रनं हाताच्या अवजारानंच कीड खरवडली, दातात भरायचं सिमेंट भरलं. या वेळी घाई नव्हती. सर बाजूला उभं राहून नुसते पाहत होते.

मायलेकी गेल्या. सौमित्रनं खाली मान घालून चिमटे धुवायला घेतले.

"सर, मघाशी पुढच्या गावाचं विचारलं, ते विसरा."

"पुढच्या गावाला तू एकटाच जा," हुद्दार सर म्हणाले. "फक्त पोरांना आ करायला सांगण्याआधी आरशासमोर तू आ करत जा."