निर्माल्य ठरलेली ज्वारी

फार जुनी गोष्ट आहे. राजे होते, राज्यं लहान होती आणि धान्य जमिनीच्या पोटात ठेवलं जायचं, तेव्हाची.

डोंगराच्या पायथ्याशी अशाच एका राज्यात सुगी झाली की लोक मुरमाड उंचवट्यावर खोल खड्डे खणत. आतून शेणमातीनं लिंपून, कडांना कडबा लावून त्यांत ज्वारी भरत आणि तोंडावर दगड बसवत. या खड्ड्याला पेव म्हणतात. पेव उघडलं की गावातली एखादी जाणती बाई मूठभर दाणे घ्यायची, तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि एक दाणा दाताखाली धरायची. भिंतीलगतची ज्वारी कुबट निघाली तर ती बाजूला काढायची. मधली चांगली असे, ती घरोघरी जायची. पेव कोणत्या सालचं, असं कुणी विचारत नसे.

या सगळ्या धान्यावर देखरेख करणारा राजाचा कोठावळा होता धोंडाजी. माणूस सरळ आणि कष्टाळू. पण त्याच्या काळजात एक काटा रुतून बसला होता. त्याचा थोरला मुलगा एका लग्नघरी खीर जेवला आणि दुसरा दिवस मावळायच्या आत गेला. खीर आदल्या दिवशीची होती. पोरानं तोंड वाकडं केलं, तेव्हा वाढणारा म्हणाला होता, "काही होत नाही रे, खाऊन टाक."

त्या दिवसापासून धोंडाजीला 'काही होत नाही' हे शब्द ऐकवत नसत.

तो राजाकडे गेला. "महाराज, अन्नाला मुदत घाला. मुदत सरली की ते अन्न नाही, असा हुकूम काढा. माझं झालं तसं कुणाचं होऊ नये."

राजा भला होता आणि त्याला डोक्याला ताप नको होता. त्यानं होकार दिला. तेव्हापासून पेवाच्या दगडावर लाखेची मोहर बसू लागली. मोहरेत देवीचा हात असे आणि त्याखाली एका सणाची खूण. होळीपर्यंत खायचं असेल तर ज्वाळा, दसऱ्यापर्यंत खायचं असेल तर आपट्याचं पान.

पण लोकच ते. कुणी म्हणे, चार दिवस इकडे तिकडे झाले तर काय बिघडलं? कुणी मोहर बघूनही दाणे नाकाशी नेई. तेव्हा धोंडाजीनं सगळ्यांना देवळासमोर जमवलं.

"देवीला वाहायच्या फुलांचा आधी वास घेता का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"छे! उष्टी होतात ती," बायका म्हणाल्या.

"मग मोहरेखालचं धान्यही देवीचंच आहे. त्याचा वास घेतला की ते उष्टं झालं. आणि मुदत सरली की ते निर्माल्य. निर्माल्याचं काय करतात, ते मी तुम्हाला सांगायला नको."

सगळ्यांच्या माना डोलल्या. देवावरची कालची फुलं नदीत सोडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

खोटं कशाला बोलू? सुरुवातीला बरंच झालं. पोरांची पोटदुखी कमी झाली आणि आदल्या दिवशीचं पाहुण्याच्या गळ्यात मारणाऱ्या घरांना चाप बसला. धोंडाजीला लोक दुवा देऊ लागले.

मग मोहरेचं वेड घराघरांत शिरलं. लोणच्याच्या बरणीवर मोहर आली, मधाच्या बुधल्यावर आली. मुरलेलं लोणचं, जुना तांदूळ, जुनं तूप, ज्यांच्यासाठी पूर्वी शेजारणी वाटी घेऊन येत, ते सगळं नदीत जाऊ लागलं. मासे धष्टपुष्ट झाले. नव्या सुना तर सासूला विचारत, "अहो सासूबाई, या भाकरीची मुदत कधीपर्यंत?" आणि नाक? नाक फक्त सर्दी व्हायला उरलं.

एकटी धोंडाजीची आई, गिरजाई, कुरकुरत असे. गावाची पेवं तिनंच वर्षानुवर्षं पारखली होती. "धोंडू, शिळं निराळं नि नासलेलं निराळं. दोन शब्द काय उगाच आहेत होय?"

"आई, माझा पोर गेला."

यावर म्हातारी उठून आत जाई. तिचाही तो नातू होता.

असं चाललं असता एका वर्षी पाऊस आलाच नाही. पिकं उभ्या उभ्या करपली, नदीची वाळू उघडी पडली. उंचवट्यावर भरलेली दोनच पेवं उरली. एकावर ज्वाळा होती, दुसऱ्यावर आपट्याचं पान. शेवटचा साठा म्हणून लोक जुनं पेवही पुरवून ठेवत राहिले आणि तेवढ्यात होळी होऊन गेली.

नियम म्हणजे नियम. जुन्या पेवातली ज्वारी धोंडाजीनं उपसून नदीकाठी नेली. सोडायला नदीत पाणी नव्हतं, म्हणून तिचा ढीग वाळूतच राहिला. पाणी येईपर्यंत त्यावर पहारा बसला. गावातून तो ढीग दिसायचा. भुकेली माणसं दारात उभी राहून त्याच्याकडे बघत आणि लांबूनच हात जोडत.

गिरजाई मात्र तिथे गेली. पहारेकऱ्याला न जुमानता तिनं ढिगात हात घातला, दाणे चोळले, नाकाशी नेले. पदरात ओंजळभर ज्वारी घेऊन ती घरी आली.

"धोंडू, कडेची टाकली तर बाकीची चांगली आहे. मंजुळेला भाकरी करून घालू. दोन दिवस पोरगी नुसतं पाणी पितेय."

मंजुळा ही धोंडाजीची धाकटी. त्याचं आता तेवढंच एक लेकरू उरलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. पण त्यानं आईचा पदर धरला, अंगणात झटकला आणि दाणे खराट्यानं झाडून टाकले.

"या घरात 'काही होत नाही' म्हणायचं नाही!"

"मी कुठे म्हणाले काही होत नाही?" म्हातारी म्हणाली. "मी वास घेऊन सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पेव उघडलं. आता नीट ऐका. गेल्या हिवाळ्यात एक अवकाळी सर येऊन गेली होती. तिचं पाणी उंदरांच्या बिळांतून या पेवाच्या पोटात उतरलं होतं. वर दगड जागच्या जागी, लाख चकचकीत, देवीचा हात शाबूत. दगड सरकला तशी आतून कुबट वाफ आली. पुढे उभ्या असलेल्यांनी तोंडं फिरवली. मग त्यांनी मोहरेकडे पाहिलं. आपट्याचं पान होतं आणि दसरा अजून लांब होता. सगळ्यांनी टोपल्या पुढे केल्या. घरोघरी बायकांनी काळे दाणे सुपात पाखडले, उरलेले दळले आणि तवे तापले.

धोंडाजीच्या घरीही भाकरी झाली. कितीतरी दिवसांनी घरात चुलीचा धूर होता. गिरजाई काठवटीपाशी आली आणि थबकली.

"ही नको रे. हिला कुबट वास आहे. पोरीला देऊ नकोस."

"आई, लांब हो. उष्टं करू नकोस," धोंडाजी म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं लेकीच्या ताटात भाकरी वाढली.

मंजुळेनं घास घेतला, थोडा चावला आणि बापाकडे पाहिलं. "आबा, कडू लागतंय."

"मोहर मी स्वतः बघितलीय, बाळा. दसऱ्यापर्यंतची आहे. खा तू. काही होत नाही."

शब्द तोंडातून गेले आणि धोंडाजीच्या कानांनी ते ओळखले. त्याचा हात ताटाकडे गेलासुद्धा. पण डोळ्यांपुढे आपट्याचं पान आलं आणि हात मागे फिरला. मंजुळा शहाणी मुलगी होती. बापानं सांगितलं म्हणून तिनं भाकरी संपवली.

दुपारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. गावात घरोघरी तेच चाललं होतं. धडधाकट माणसं लोळागोळा होऊन पडली, पण बहुतेक वाचली. म्हातारी आणि लेकरं वाचली नाहीत. मंजुळा आजीच्या मांडीवर गेली. धोंडाजी उशाशी बसून होता. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

पोरीला माती दिल्यावर गिरजाई घरी परतली नाही. ती तशीच नदीकाठी गेली आणि ढिगाशी बसून कडेची ज्वारी बाजूला काढू लागली. पहारेकरी आपल्या घरचं मढं उचलून आला होता. तो वाट सोडून बाजूला झाला. हळूहळू बायका जमल्या. म्हातारीनं एकेकीच्या तळहातावर दाणे ठेवले आणि म्हणाली, "चोळा. नाकाला लावा. आता देवीला काय वाटायचंय ते वाटू दे."

त्या निर्माल्यावर गावानं उरलेला उन्हाळा काढला. धोंडाजीही त्यावरच जगला. अंगणातून झाडून टाकली होती तीच ज्वारी, तीच भाकरी.

पुढे पाऊस आला, नवी पेवं भरली. त्यांच्यावर मोहरही बसली, पण तीत देवीचा हात नव्हता, नुसती सणाची खूण होती. ती बघून मग बायका दाणे चोळत आणि नाकाशी नेत.

धोंडाजीलाही घास नाकाशी नेल्याशिवाय खाववत नसे. पण त्याच्या नाकात एकच वास भरून राहिला होता, त्या सकाळच्या पेवाचा. ताज्या भाकरीलाही तोच यायचा. भाकरी निवून वातड होई, तरी त्याचा घास हातातच असे. मग गिरजाई जवळ बसून तो घास हुंगायची आणि सांगायची, "चांगली आहे रे धोंडू. खा." तेव्हा तो खायचा. म्हातारी गेल्यावर त्याला असं सांगणारं कुणी उरलं नाही. त्यानंतरच्या सुगीची भाकरी खायला तो जगलाच नाही.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: मुदत आपल्याला सावध करायला असते, पण तिच्या भरवशावर नाक, जीभ आणि अक्कल गहाण टाकली, तर अन्न मातीत जातं आणि विष पोटात जातं.