हौसाची घटका

फार वर्षांपूर्वी, या मुलखात घड्याळ कुणी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं तेव्हा, डोंगराच्या कुशीतल्या बोरदऱ्यात हौसा नावाची सुईण राहत होती. वय जेमतेम बावीस. तिच्या हातांना दुरूनच जिवाची ऊब लागायची, असं म्हणतात. जिभेची धार तर सगळ्या गावाला लागायची.

बोरदऱ्याला अभिमान होता तो आपल्या घटकापात्राचा. पाण्याने भरलेल्या घंगाळात, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. भोकातून पाणी चढत जाई आणि वाटी बुडाली की एक घटका झाली. कुणी बाळंत होऊ लागली की दारात घंगाळ, घंगाळाशी बापूजोशी आणि भोवती सगळी वडीलधारी मंडळी. वेळ चुकली तर पत्रिका चुकेल! म्हणून वेळ लिहून होईपर्यंत मूल सुपात ठेवायचं, हात लावायचा नाही, असा दंडक होता.

पार्वताची पहिली दोन्ही मुलं त्या सुपातच गेली. न रडता, मुकीच आली होती, तिचं नशीब, असं गाव म्हणालं. मग एका भर दुपारी तिसरं आलं. तेही मुकं. थोरली सुईण धुरपाआजी हिने मूल सुपात ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे दारावर थाप मारली.

"डोकं दिसलं तेव्हाची वेळ धरू, की सुपात टेकलं तेव्हाची?" बापूजोशींनी बाहेरून विचारलं.

"डोक्याची धरा," एक म्हातारा म्हणाला.

"छे, माझी टेकल्याची धरली होती," दुसरा म्हणाला.

"म्हणूनच तू असा निपजलास."

बाहेर हशा पिकला. आत पार्वता क्षीण आवाजात म्हणाली, "हौसे, रडलं का गं?"

हौसाने सुपात पाहिलं. अंग जांभळं, हातपाय ओल्या चिंधीसारखे. तिने हात पुढे केला तसं धुरपाआजीने तिचं मनगट धरलं. "थांब पोरी, वेळ लिहितायत."

"कसली वेळ, आजी? जन्माची का मरणाची?"

हिसका देऊन तिने हात सोडवला आणि नाळेच्या मुळाशी दोन बोटं टेकली. बोटांखाली ठोका लागला. मंद, पण ठोका होता. तिच्या डोळ्यांपुढे आधीची दोन सुपं आली आणि अंगाची लाही लाही झाली.

त्याच क्षणी बाहेर वाटी थांबली, असं म्हणतात. पाणी चढेना. अंगणातली सावली जागची हलेना. बापूजोशींनी बोटाने वाटी दाबली, तर ती उसळून वर आली. दोन म्हाताऱ्यांनी मिळून दाबली, तर दोघेही घंगाळात कोपरापर्यंत भिजले. आत हौसाने मऊ फडक्याने मुलाचं तोंड पुसलं, पाठ कोरडी करून चोळली, तळव्यांवर टिचकी मारली. मूल हललं नाही. तिने आपलं तोंड त्या इवल्या नाकातोंडावर ठेवलं आणि फुंकर घातली. चिमणीच्या पिलाला घालावी तेवढीच. एक. दोन. पाचव्या फुंकरीला छाती हलली. आधी ओठ गुलाबी झाले, मग मुठी वळल्या, आणि मग असा टाहो फुटला की नदीपलीकडच्या गुरांनी माना वर केल्या!

बाहेर वाटी डुबकन बुडाली.

"वेळ काय लिहू गं?" बापूजोशींनी दाराआडून विचारलं.

"रडलं तेव्हाची लिहा."

"आणि मुलगा का मुलगी?"

"अजून बघितलं नाही," हौसा म्हणाली. मूल पार्वताच्या छातीवर ठेवून ती त्याचे श्वास मोजत होती.

त्या दिवसापासून बोरदऱ्यात मूल जन्मलं की पहिली घटका हौसाची. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी बाहेरच्या बाकावर कुणी वेळ विचारत नाही, पेढे की बर्फी, तेही विचारत नाही. नर्सबाई बाळाचा रंग, श्वास, ठोके, रडणं, हातापायांचा जोर तपासून "ठीक आहे" म्हणेपर्यंत म्हातारेसुद्धा तोंड मिटून बसतात. एखादा चुळबुळलाच तर सुना डोळे वटारतात, "हौसाची घटका चाललीय, मामंजी."

पार्वताचं ते मूल शंभर वर्षं जगलं, असं म्हणतात. मुलगा होता की मुलगी, ते मात्र गावात आज कुणालाच सांगता येत नाही.