भेकराच्या पायातली राखणदारीण

एका जंगलात एक भेकर राहत असे, आणि त्या भेकराच्या मागच्या पायात, खुरापासून चार बोटं वर, एक म्हातारी पांढरी पेशी राहत असे. तुमच्याआमच्या अंगातही अशा पेशी असतात बरं, डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. हिचं काम एकच, जागेवर बसून राखण करायची.

एके दिवशी भेकराच्या त्या पायात बाभळीचा काटा शिरला. भेकरानं तो दातांनी उपटून टाकला, पण काट्याबरोबर आलेले जंतू आतच राहिले आणि भराभर वाढू लागले. म्हातारीनं समोर आले तेवढे गिळले. एकटीला आवरेना, तेव्हा तिनं रक्तात सांगावा धाडला. लगेच जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या. पाय लाल झाला, तापला, टम्म फुगला. वाहिन्यांच्या भिंतींना घासत, फटींतून अंग चोरत तरण्या पांढऱ्या पेशी हजारोंनी आत आल्या. "कुठे आहेत?" एवढंच विचारून त्या जंतूंवर तुटून पडल्या. त्यांचं आयुष्य मुळातच दिवसा-दोन दिवसांचं, त्यात ही लढाई. पटापट मरू लागल्या बिचाऱ्या.

इकडे भेकर तीन पायांवर उभं राहून कुरकुरत होतं. "काटा केव्हाच निघाला, मग ही मेली सूज कशाला आली? हिनंच मला अधू केलं," ते झाडावरच्या वानराला म्हणालं.

"ते मला काय ठाऊक? पण रानकुत्री ओढ्यापलीकडे उतरली आहेत. चार दिवसांत तुला पळता आलं नाही, तर तू संपलंस," वानर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी जंतू संपले. तरण्या मात्र थांबायचं नाव घेईनात. शत्रू दिसेना, तशा त्या भेकराचंच धडधाकट मांस पोखरू लागल्या.

"अगं बायांनो, पुरे आता," म्हातारी म्हणाली.

"आणि कुणी लपून बसलं असेल तर?"

"कुणी नाही. आता मोडाल ते घरचंच. पाय गेला की भेकर गेलं, आणि त्याच्याबरोबर आपणही."

तिनं रक्तात दुसरा सांगावा धाडला, आता कुणी येऊ नका. आलेल्या तरण्या एकेक करून गळून पडल्या, आणि म्हातारी त्यांना गिळू लागली. त्यांना तिनंच बोलावलं होतं. तिला फार वाईट वाटलं. पण त्यांना तसंच कुजत ठेवलं असतं तर पाय वाचला नसता, म्हणून शेवटचीला गिळेपर्यंत ती थांबली नाही. रातोरात सूज ओसरली.

चौथ्या दिवशी सकाळी रानकुत्री ओढा ओलांडून आली. भेकरानं करवंदीच्या जाळीवरून उडी मारली आणि ते पसार झालं. आपला पाय दुखत होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. म्हातारी आपल्या जागेवर राखण करत बसली होती.

तात्पर्य : संकटात चार जणांना हाक जरूर मारावी, पण ज्यानं हाक मारली, त्यानंच वेळेवर 'पुरे' म्हणावं आणि मागचं सगळं स्वतः निस्तरावं.