टाकीची मालकीण

धोंडेवाडीच्या कौसाबाईंच्या विहिरीला डिझेलचा वास येऊ लागला. शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. पाणी पिऊन म्हैस दगावली, तरी पंपाचे वसंतशेठ कबूल होईनात.

कौसाबाई तालुक्याच्या साहेबांकडे गेल्या. साहेब खेकसले, "गळतीची खबर टाकीच्या मालकानंच द्यायची, असा नियम आहे. तुम्ही मालक आहात का?"

"आहे की! माझी विहीर जमिनीखाली आहे आणि आत डिझेल आहे. म्हणजे ती टाकीच झाली, साहेब. घ्या लिहून, माझी टाकी गळतेय."

नियमाप्रमाणे साहेबांना तपासाला यावंच लागलं. गळती पंपाच्याच टाकीची निघाली आणि पंपाला कुलूप लागलं. गाव कौसाबाईंचं कौतुक करायला घरी जमलं, पण आलेल्यांना द्यायला त्यांच्याकडे तांब्याभर पाणी नव्हतं.