नुईचं टोक

नकाशे हातानं काढले जायचे, त्या काळातली ही गोष्ट. जपानच्या किनाऱ्यावर जमिनीची एक लांबच लांब, अरुंद पट्टी समुद्रात शिरली आहे. तीन बाजूंना पाणी, टोकाला काळे खडक. तेव्हा तिला नाव असं नव्हतंच.

तिथल्या बायका समुद्रात बुड्या मारून तळाचे शिंपले काढायच्या. वर आल्या की कोंडलेला श्वास हळूच शीळ घालत सोडायच्या. त्यांतल्या नुईची शीळ मात्र अशी, की डोंगरापलीकडचे कुत्रे भुंकू लागत, असं म्हणतात.

"अगं बाई, मासे पळतात तुझ्यामुळं!" गावप्रमुख गोनबेई वैतागला. "तू आपली पार त्या टोकाला जा बघू."

नुईला फार लागलं. हळू शीळ घालायची तिनं शिकस्त केली होती, पण छातीच तसली, करणार काय! टोपली उचलून ती टोकाला गेली आणि एकटीच बुड्या मारू लागली.

एका सकाळी गावातल्या झाडून सगळ्या होड्या समुद्रात होत्या, आणि धुकं उतरलं. चार हातांवरचं दिसेना. नुईचा नवरा तोमेझो त्यांत होता, गोनबेईही होता. खडकांवर आपटले असते तर एक माणूस वाचला नसता. नुई शेवटच्या खडकावर चढली आणि छाती भरून शीळ घातली.

"ही तर आपली नुई!" तोमेझो ओरडला. "म्हणजे टोक इथं आहे. डावीकडं वळवा रे!"

संध्याकाळपर्यंत ती थांबली नाही. एकेक होडी खडक चुकवून खाडीत शिरली. शेवटच्या होडीमागून वाट चुकलेले दोन देवमासेही आत आले, असं म्हणतात. गाव किनाऱ्यावर नाचलं. गोनबेईनं नुईपुढं कमरेत वाकून माफी मागितली.

पुढं सरकारी नकाशे काढणारा आला. "या जागेचं नाव काय?" त्यानं विचारलं.

"नुईचं टोक," सगळ्यांच्या आधी गोनबेईच बोलला. नुईनं लाजून पाण्यात उडी टाकली!

आजही वसंतात, पहिल्या बुडीच्या दिवशी, गावातल्या बायका त्या टोकावर जमून एकदम शीळ घालतात आणि समुद्रातले नावाडी वल्ही उंच करतात. एखादी नवी मुलगी बिचकत, हळू शीळ घालते. मग म्हाताऱ्या तिला दटावतात, "मोठ्यानं घाल गं! माणसं घरी यायचीत."