पलीकडे सुटेच चालतात

त्या राज्यात सगळे जोडीने राहत. उखळ मुसळाबरोबर, पाटा वरवंट्याबरोबर, दौत टाकाबरोबर. घराघरांमध्ये दोरे ताणलेले होते. इकडचे टोक ओढले की तिकडचे घुंगरू वाजे आणि त्या वाजण्यावरून निरोप कळे. घुंगरे दिवसभर वाजत असत, बहुतेक वेळा विशेष काही नसतानाच. जेवलात का, पाणी आले का, एवढेच.

राज्याच्या कडेला नदी होती आणि नदीपलीकडे दुसरा मुलूख. तिथे इथले दोरे पोहोचत नसत. याहून जास्त त्या मुलुखाबद्दल कोणालाही ठाऊक नव्हते. बोलत मात्र सगळेच.

एका दारावर कुलूप आणि किल्ली राहत. कुलूप दाबून लागणारे होते. मिटायला त्याला कोणाची गरज लागत नसे, उघडायला मात्र किल्लीच हवी. किल्लीला तीन दात होते आणि ती जाड, लांब सुतळीने कुलपाशी बांधलेली होती. दारामागच्या खोलीत समई, फडताळ, मिठाची बरणी अशी मंडळी राहत. त्यांचे जाणे-येणे, सांजवात, सणवार सगळे किल्लीच्या एका फिरण्यावर चाले.

त्या वर्षी किल्लीच्या दातांवर गंज चढू लागला. खोबरेल लावून पाहिले, राखेने घासून पाहिले. ती फिरताना अडे आणि अडली की हसून म्हणे, "थांबा हं, जरा." मग पुन्हा फिरे.

एका दुपारी दवंडीचा डफ दारात आला. "या घराला पलीकडचे बोलावणे आहे हो! दोरा न्यायचा नाही. पलीकडे सुटेच चालतात." एवढे बोलून तो पुढच्या आळीत गेला.

"घराला म्हणाला ना?" कुलूप म्हणाले. "म्हणजे आपल्या दोघांना."

किल्ली म्हणाली, "सुटे म्हणाला."

"हो, हो. ते मी बघतो. तू त्याची काळजी करू नकोस."

कुलूप तयारीला लागले. त्याने फडताळात जपलेले बंदे रुपये बाहेर काढले आणि कोपऱ्यावरच्या अडकित्त्याकडे नेले. अडकित्त्याचे दोन्ही पाय एकाच खिळ्यात अडकलेले असल्यामुळे त्याला जोडीदार शोधावा लागला नव्हता. त्यामुळे त्याचे सगळ्या विषयांवर मत असे.

"अरे, बंदा रुपया दाखवलास तर पलीकडचे तुला हसतील," अडकित्ता म्हणाला. "आणि हसून झालं की नदीत ढकलतील. मोड कर, मोड. जितकं बारीक तितकं बरं."

"मामा, पण बारीक म्हणजे किती?"

"ते तिथे गेल्यावर कळतं."

सूपकाकू तिथेच धान्य पाखडत होती. ती म्हणाली, "पैसे कसले नेतोस? तिथे मीठ चालतं. माझ्या नणंदेच्या जावेने सांगितलंय."

"ती जाऊन आली?"

"ती कशाला जाईल, शहाण्या! तिने ऐकलं."

कुणी म्हणाले, पलीकडे फार थंडी असते. कुणी म्हणाले, तिथे ऊन-थंडी काही नसतेच. रस्ता लिहून नेता येत नाही, तिथे शाई टिकत नाही, तो पाठच करावा लागतो, यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते. पण रस्ता प्रत्येकाने वेगळा सांगितला. कोणता खरा हे न कळल्यामुळे कुलपाने सगळेच पाठ केले. आता त्याला उंबऱ्यापासून अंगणापर्यंतची वाटही धड सुचेना.

मोड करता करता एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. बंदे रुपये मुठीत मावत होते. सुटे झाल्यावर त्यांची थैली झाली, आणि थैली रोज जड होत गेली. हे असे का, हे त्याने अडकित्त्याला विचारले. अडकित्ता म्हणाला, "तेही तिथे गेल्यावर कळतं."

किल्लीने मात्र काहीच बांधायला घेतले नाही. ती दाराजवळच्या खुंटीवर पडून सांगत राही.

"समईची वात पुढे सरकवावी लागते. ती आपणहून सांगत नाही, तशीच काजळत बसते. फडताळाचं खालचं दार चिकटतं. ओढायचं नाही, जरा उचलायचं."

"हे मला कशाला सांगतेस?" कुलूप म्हणे. "आपण दोघंही इथे नसणार. पलीकडे फडताळ आहे का?"

"नसेल."

"मग?"

"अहो, ऐकून ठेवा म्हटलं ना! आणि एक. तुम्हाला दाबून घ्यायची खोड आहे. जरा वारा आला की टक् करून मिटता. तसं करू नका."

"बरं."

"बरं नाही. काय म्हणाले मी?"

"मिटायचं नाही."

"का?"

कुलपाला का ते सांगता आले नाही. किल्लीने डोळे मिटले. मग बरणीतले मीठ पावसाळ्यात ओले होते, त्यावर काय करायचे, हे ती सांगू लागली.

निघायचा दिवस आला. दार लोटून घेऊन दोघे नदीकडे चालू लागले. कुलपाने थैली ओढत नेली. किल्ली सुतळीला लटकून होती आणि तिचे वजन त्याला जाणवतही नव्हते, इतकी ती झिजली होती. वाटेत प्रत्येक वळणावर कुलूप थांबे आणि पाठ केलेल्या रस्त्यांतला हा कोणता, ते आठवू पाही. रस्ता एकच होता. तो सरळ नदीवर गेला.

घाटावर कात्री बसली होती. ती वयस्क होती आणि तिचा आवाज मऊ होता.

"बोलावणं कुणाच्या घरचं?"

कुलपाने घर सांगितले आणि पुढे होऊन थैलीचे तोंड सोडले. "सगळे सुटे आहेत. चिंचेने घासून आणलेत. मीठही आहे थोडं, लागलं तर."

कात्रीने थैलीत पाहिले. मग कुलपाकडे पाहिले. तिला असे बघायची सवय असावी.

"पैसे नव्हेत हो," ती म्हणाली. "सुटे."

"म्हणजे तेच ना?"

कात्रीने आपले टोक उचलून दोघांमधल्या सुतळीकडे नेले आणि तिला न लावता तिथेच धरले.

"पण आम्ही जोडीने आलोय," कुलूप म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

कुलूप थैलीकडे बघत राहिले. त्याला वाटले, आपण काहीतरी चुकीचे मोडून आणले. अजून वेळ असेल, घरी जाऊन बदलून आणता येईल. मग हळूहळू त्याने किल्लीकडे मान वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

"डफ बोलला तेव्हाच कळलं."

"मग मला इतके दिवस मोड का करू दिलीस?"

"तुमच्या हाताला काहीतरी काम हवं होतं," किल्ली म्हणाली.

कात्रीने विचारले, "कापू?"

"थांबा हं, जरा."

किल्लीने पाहिले तर कुलूप मिटलेले होते. वाटेत कुठे, कोणत्या वळणावर, ते त्याचे त्यालाही कळले नव्हते. ती त्याच्यात शिरली. अर्ध्यावर अडली. पुन्हा जोर केला, पुन्हा अडली. कात्रीने दुसरीकडे पाहिले. तिसऱ्या खेपेला किल्ली फिरली आणि कुलपाच्या कडीचा बाक वर उचलला गेला.

"आता असेच राहा," ती म्हणाली.

सुतळी कापताना आवाज झाला नाही. किल्लीने सवयीने म्हटले, "येते." त्या घाटावर तो शब्द चालत नसे, पण कात्रीने न ऐकल्यासारखे केले.

कुलूप परत आले आणि उघडेच कोयंड्यात अडकून राहिले. थैली दारातच पडून राहिली. कुणी नेली नाही. कुलपाने दिवसातून कितीदा तरी सुतळीचे उरलेले टोक ओढून पाहिले. ते ओढले की ओढलेच जाई, पलीकडे काही वाजत नसे. हे त्याला समजत होते आणि तरी समजत नव्हते.

अडकित्ता येऊन म्हणाला, "दाबून टाक रे. उघडं कुलूप दारावर बरं दिसत नाही. त्या पुढच्या आळीतली कुलपं बघ, किल्ली गेली त्याच दिवशी मिटली. सुटली बिचारी."

कुलपाने त्या आळीकडे पाहिले. तिथल्या दारांमागे कोण राहत असे, ते आता कोणालाच आठवत नव्हते.

"मामा, मिटायचं का नाही, ते मलाही ठाऊक नाही," कुलूप म्हणाले. "पण तिने सांगितलंय."

"कमाल आहे तुझी!" म्हणून अडकित्ता दारातच बसला. गेला मात्र नाही.

सांजेला वारा सुटला. दार हलले, कुलपाचा बाक भोकाच्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला. त्याच वेळी सूपकाकू तांदळाचे पीठ घेऊन आली. "सरक जरा, बाबा," असे म्हणून ती दार ढकलून आत गेली. समईची वात काजळली होती. कुलपाने दारातूनच सांगितले, "पुढे सरकवावी लागते." काकूने वात सरकवली. मग किल्लीच्या खुंटीखाली तिने पीठ पसरले, हाताने सपाट केले, शेजारी पणती लावली आणि पिठावर टोपली पालथी घातली. कोणी पलीकडे गेले की त्या राज्यात असे करत. का, ते काकूला सांगता आले नसते.

सकाळी टोपली उचलली. अडकित्ता वाकून म्हणाला, "मुंगी गेली असेल." काकू म्हणाली, "मुंगी अशी जाते होय रे?" आणि कुलपाला दिसावे म्हणून बाजूला झाली.

पिठात एक गोल होता. गोलापासून निघालेली एक सरळ रेघ होती, आणि रेघेच्या टोकाला तीन दात. दातांच्या कडा अगदी स्वच्छ उमटल्या होत्या. गंज कुठेच नव्हता.