कायफळाचा तिसरा दिवा

एका राज्यात पोपट न्यायनिवाडा करीत आणि नद्या राजाची परवानगी घेऊनच वळण घेत. त्या राज्याच्या राजमातेवर अंधकेतू नावाचा मांत्रिक रुसला, कारण पंक्तीत त्याला पाट मांडायचा राहिला. त्याने तिची दृष्टी काढून घेतली. "कायफळाच्या मेणाचे तीन दिवे हिच्यापुढे जळतील, तेव्हाच डोळे परत मिळतील," एवढे बोलून तो धूर होऊन निघून गेला.

राजमातेला दोन सुना. थोरली हेमकला, धाकटी इंदुमती. खारट डोंगरावरून कायफळाची दोन रोपे आणवली आणि दोघींच्या शेजारशेजारच्या बागांत एकेक लावले. झुडूप मोठे चिवट. रेताड माती चालते, बोचरा वारा चालतो. पान चुरगळले की हाताचा सुवास दिवसभर जात नाही. राजमाता म्हणाली, "तिसरा दिवा जिच्या हातून लागेल, तिच्या कमरेला माझ्या किल्ल्या." हे ऐकताच हेमकलेने कमरपट्टा सैल करून जागा केलीसुद्धा!

पण झाले भलतेच. करड्या, मेणचट फळांचे घोस लागले ते इंदुमतीच्या झुडपाला. तिने फळे उकळली, वर आलेले मेण काढले, पहिला दिवा लावला. राजमातेला उजेड दिसला. पुढच्या हंगामात दुसरा लावला. तो जळत होता तोवर राजमातेला माणसे दिसली आणि सर्वांआधी दिसली इंदुमती. "लक्ष्मी गं माझी!" राजमाता म्हणाली. हेमकला तेव्हा आपल्या महालात दार लावून बसली होती.

त्या दिवसापासून तिने जावेचे नाव टाकले. 'ती' म्हणायची, तेही ओठ मुडपून. तिचे स्वतःचे झुडूप नुसते फुलायचे, पिवळी धूळ उडवायचे, फळाचे नाव नाही. तिने त्याला खत घातले, पाने पिवळी पडली. केशराचे दूध ओतले, मुळे कुजू लागली. झुडूप चिवट म्हणूनच वाचले. तिसरा उपाय तिने झुडपावर केलाच नाही. दोन्ही बागांमध्ये हत्तीच्या माथ्याहून उंच भिंत बांधली. "तिची फळं माझ्या नजरेला नकोत."

त्या वर्षी इंदुमतीच्या झुडपाला एकही फळ धरले नाही. हेमकलेने गोडाचा स्वयंपाक सांगितला आणि स्वतः वाढायला गेली. राजमातेने चाचपडत तिच्या गालावर हात ठेवला.

"थोरली ना गं? सगळे बघून झाले. तुझा चेहरा तेवढा राहिला."

हेमकलेने वाढप तसेच टाकले. ती बागेत आली, तर भिंतीवर साळुंकी बसलेली.

"राणी," साळुंकी म्हणाली, "तुझे झुडूप नर, तिचे मादी. तुझ्या फुलांची धूळ वाऱ्याने पलीकडे जाई, तेव्हा तिकडे फळ धरे. आता वारा अडला."

हेमकलेला आधी आनंद झाला. म्हणजे अर्धे फळ माझे! मग वाटले, भिंत राहू दिली तर तिसरा दिवा तिच्या हातून कधीच लागणार नाही. क्षणभर तिला भिंत फार आवडली. पण गालावरचा तो हात काही केल्या जाईना.

तिने गवंडी बोलावले. त्यांच्या पहारी वाकल्या, दगड हलेना.

"मत्सराची भिंत," साळुंकी म्हणाली. "घालणाऱ्याच्याच हाताने उतरते."

मग हेमकलेने बांगड्या मागे सारल्या आणि एकेक दगड स्वतः उचलला. नखे तुटली, तळहात सोलले. शेवटचा दगड पलीकडून इंदुमतीने धरला.

वारा सुटला, पिवळी धूळ उडाली आणि हंगामात फळांनी फांद्या वाकल्या. मेण निघाले. भरल्या दरबारात इंदुमतीने काकडा पुढे केला.

"अक्कासाहेब, फळ तुमच्या झाडामुळे धरलं. दिवा तुम्ही लावा."

राजमातेच्या मांडीवर किल्ल्या वाजल्या. हेमकलेचा हात पुढे झाला, थांबला, मागे आला. दुखले, चांगलेच दुखले.

"नाही," ती म्हणाली. "लाव तूच, इंदुमती."

दिवा लागला. दरबारभर कायफळाचा सुवास पसरला, शाप उतरला आणि राजमातेला तेलातुपाच्या समया, माणसे, सारे दिसू लागले. किल्ल्या इंदुमतीच्या कमरेला गेल्या. राजमातेची नजर मात्र गर्दीत कुणाला तरी शोधत राहिली आणि हेमकलेवर येऊन थांबली.

"अगं थोरले," ती म्हणाली, "किती वाळलीस गं तू!"

त्या राज्यात आजही दोन कायफळांमध्ये कुणी भिंत घालत नाही. ज्याला घालावीशी वाटते, त्याने आधी हात दाखवावेत; भिंत उतरवताना तेच सोलायचे असतात.